‘आमचा शासनाशी संबंध नाही’ : सरकारी अर्जसेवांची नक्कल करणाऱ्या संकेतस्थळांची पार्श्वभूमी

शासन जे फुकट किंवा नाममात्र शुल्कात देते, तेच सरकारी थाटाचा कागद पुढे करून चढ्या दराने विकण्याचा धंदा इंटरनेटच्याही आधीचा आहे. सामाजिक सुरक्षा योजनेचे नाव आणि चिन्हे वापरून येणाऱ्या खासगी टपालाला आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये कायदा झाला. १९९० मध्ये सरकारी भासणाऱ्या इतर टपालासाठी निराळा मार्ग निवडण्यात आला : ‘हा सरकारी दस्तऐवज नाही’ असे स्पष्ट छापले की ते टपाल पाठवता येई. १९९४ मध्ये मात्र पहिल्या कायद्यात दुरुस्ती करून, अशी सूचना छापली होती हा बचावच काढून घेण्यात आला. म्हणजे एकाच देशाने काही वर्षांच्या अंतराने एकाच प्रश्नाची दोन उलट उत्तरे दिली. संकेतस्थळांच्या बाबतीत आज जो वाद चालतो, तो याच दोन उत्तरांमधला आहे.

सध्याच्या स्वरूपातील नकली संकेतस्थळे फोफावली ती प्रवासपरवान्यांमुळे. व्हिसाशिवाय येणाऱ्या पाहुण्यांना अमेरिकेने १२ जानेवारी २००९ पासून प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी घेणे बंधनकारक केले. कोट्यवधी लोकांना आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच लागणारा, घाईत भरला जाणारा आणि ज्याचा अधिकृत पत्ता कुणालाच पाठ नसतो असा हा अर्ज होता. सुरुवातीला तो विनामूल्य होता, त्यामुळे कुणी पैसे मागितले तर संशय घ्यायला निदान जागा होती. सप्टेंबर २०१० मध्ये १४ डॉलर शुल्क लागू झाले आणि ती जागा गेली. अर्जाला पैसे पडतात एवढेच प्रवाशाला ठाऊक असे. किती पडतात हे तो समोरच्या पानावरूनच शिकत असे, आणि ते पान कुणाचे आहे हाच तर खरा प्रश्न होता. शुल्क आकारण्याचा निर्णय शासनाच्या दृष्टीने साधा असेल, पण नक्कल करणाऱ्यांना त्याने जितके बळ दिले तितके दुसऱ्या कशानेही दिले नसावे.

अशा पानाची रचना नीट पाहिली पाहिजे. वरच्या पट्टीत त्या देशाच्या ध्वजाचे रंग असतात, नावात देशाचे किंवा परवान्याचे नाव असते, आणि प्रश्न मूळ अर्जातले, बहुधा त्याच क्रमाने येतात. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, आईवडिलांची नावे असे सगळे भरून झाल्यावर शेवटच्या टप्प्यात रक्कम दिसते, आणि तीत सरकारी शुल्क किती व ‘प्रक्रिया शुल्क’ किती याची फोड बहुधा नसते. पानाच्या तळाशी, फिकट करड्या बारीक अक्षरांत, हे संकेतस्थळ कोणत्याही शासनाशी संलग्न नाही अशी ओळ असते. पैसे परत मागितले तर अर्ज पुढे पाठवला गेला आहे, म्हणजे सेवा पूर्ण झाली, असे उत्तर मिळते. आणि अर्ज अनेकदा खरोखरच पाठवलेला असतो. परवानाही मिळतो. त्यामुळे कित्येकांना आपण जास्त पैसे मोजले हे कधीच कळत नाही, आणि ज्यांना कळते त्यांच्या तक्रारीला ‘तुम्हाला हवे ते मिळाले ना’ असे तोंड बंद करणारे उत्तर तयार असते.

तळाची ती ओळ हाच सगळ्या वादाचा गाभा आहे. वकिलाने किंवा प्रवासी एजंटाने दुसऱ्याचा अर्ज भरून देणे आणि त्याचे पैसे घेणे बहुतेक देशांत कायदेशीर आहे, आणि ते तसे असायलाही हवे; भाषा न येणाऱ्या, संगणक न वापरणाऱ्या माणसाला त्याची गरज असते. नकली संकेतस्थळे याच सवलतीच्या आडोशाला उभी राहतात. परंतु एजंटाकडे जाणाऱ्याला आपण एजंटाकडे जात आहोत हे माहीत असते. इथे ग्राहकाच्या गैरसमजावरच धंदा उभा आहे, आणि तळाची ओळ तो गैरसमज दूर करण्यासाठी नसून पुढे कोर्टात दाखवण्यासाठी आहे.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न पासपोर्ट, जन्म-मृत्यूचे दाखले, वाहनपरवाने अशा रोजच्या अर्जांपर्यंत पोहोचला होता. युरोपात सार्वजनिक उपचारांसाठी चालणारे, पूर्णपणे मोफत मिळणारे आरोग्य विमा कार्डही पैसे घेऊन दिले जात होते. २०११ ते २०१४ या काळात चाललेल्या अशा संकेतस्थळांच्या एका मोठ्या प्रकरणात २०१८ मध्ये सहा जणांना तुरुंगवास झाला. उकळलेली रक्कम सुमारे ३ कोटी ७० लाख पौंड होती. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये कारवाई झालेल्या एका समूहाने तर अर्ज पुढे पाठवण्याचेही कष्ट घेतले नव्हते. वाहनपरवान्याचे नूतनीकरण होईल या समजुतीने पैसे भरणाऱ्यांच्या हाती सर्वत्र फुकट उपलब्ध असलेल्या माहितीची एक पीडीएफ पडत असे. २०२४ पासून तिथे शासन असल्याची खोटी बतावणी करण्याविरुद्ध स्वतंत्र नियमही लागू आहे.

या सगळ्यात जाहिरातींचा वाटा मोठा आहे, आणि त्याबद्दल फार उशिरा बोलले गेले. नक्कल करणारे सर्चच्या निकालात सर्वांत वर येत ते जागा विकत घेऊन. सर्वांत मोठ्या सर्च इंजिनने २०२० मध्ये सरकारी दस्तऐवजांच्या जाहिराती शासन किंवा त्याने अधिकृत केलेल्या सेवादात्यांपुरत्या मर्यादित करण्याचे धोरण आणले. खरे सरकारी संकेतस्थळ ओळखायला पत्त्याचा शेवट पाहा, हा नेहमीचा सल्लाही सर्वत्र लागू पडत नाही : भारतात ‘जीओव्ही डॉट इन’, ब्रिटनमध्ये ‘जीओव्ही डॉट यूके’ हे शेवट राखीव आहेत, पण फ्रान्सचा शेवट वेगळा आहे, कॅनडाचा त्याहून वेगळा. परक्या देशाचा अर्ज भरणाऱ्याला, म्हणजे सर्वांत सोप्या सावजाला, ही खूण माहीत असण्याची शक्यता सर्वांत कमी.

युरोपीय संघाच्या नव्या प्रवासपरवान्याचा कायदा २०१८ मध्ये झाला, आणि प्रत्यक्ष यंत्रणा सुरू होण्याच्या कितीतरी आधीच तिच्या नावाची खासगी संकेतस्थळे उभी राहिली. त्यात मूळचे ७ युरोंचे शुल्क पुढे २० युरो ठरले, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांच्या गोंधळाची भर पडली. याच कायद्याने अर्जदाराच्या वतीने व्यावसायिक मध्यस्थाला अर्ज करण्याची मुभा दिली आहे, आणि मध्यस्थांच्या गैरप्रकारांची तक्रार करण्यासाठी वेगळा नमुनाही ठेवला आहे. दार उघडे ठेवायचे आणि तक्रारीची वाट पाहायची, असा हा मार्ग आहे. आपण मध्यस्थाकडे आहोत हेच ज्याला कळले नाही, त्याने ही तक्रार कशी करायची याची सोय त्यात दिसत नाही.