रास्पबेरी पायचे कार्ड बिघडले? आधी 'फॉरमॅट' रद्द करा

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (थोडक्यात 'पाय') सुरू होत नाही म्हणून तुम्ही मायक्रोएसडी कार्ड काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावता आणि लगेच विचारणा होते: डिस्क फॉरमॅट करायची का? कृपया 'रद्द' दाबा. हा संदेश धडधाकट कार्डालाही येतो. कार्डाचे दोन भाग असतात. बूटचा छोटा भाग विंडोजला वाचता येतो, पण तुमच्या फाइली ज्या मोठ्या भागात आहेत तो लिनक्सच्या (पाय ज्यावर चालतो त्या प्रणालीच्या) एक्स्ट४ या फाइली साठवण्याच्या पद्धतीचा असतो आणि विंडोजला तो ओळखता येत नाही. माहिती परत काढण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या कार्डांचे खरे नुकसान अनेकदा बिघाडानंतरच्या या एका क्लिकने झालेले असते.

बिघाडाचे नेहमीचे कारण म्हणजे लिहिणे चालू असताना वीज जाणे. कार्डातला कंट्रोलर, म्हणजे साठवण सांभाळणारी चिप, स्वतःच्या सोयीने माहिती एका जागेवरून दुसरीकडे हलवत असतो. नेमके तेव्हा वीज गेली, तर तुम्ही महिनोन्‌महिने न उघडलेली फाइलही सापडू शकते त्या तडाख्यात. शेतातल्या पंपाचा किंवा दूध संकलन केंद्राचा पाय असेल, तर भारनियमनात हे ठरलेलेच.

आम्ही मूळ कार्डावर काहीही लिहीत नाही. कार्ड माउंट न करता, म्हणजे त्यातल्या फाइली संगणकावर न उघडता, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने त्याची जशीच्या तशी प्रत घेतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, मग खराब जागांकडे वळतो आणि काय वाचून झाले याची नोंद ठेवतो. त्यामुळे कार्ड मध्येच थकले तरी काम पुढे चालू करता येते. दुरुस्ती फक्त प्रतीवर. एक्स्ट४ आपल्या मुख्य नोंदीच्या, म्हणजे सुपरब्लॉकच्या, जादा प्रती ठेवते. पहिली बिघडली असेल तर बहुधा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवरची कामी येते आणि फाइली नावांसकट परत दिसतात. तेही जमले नाही तर फोटोरेक हा प्रोग्रॅम वापरतो. तो फाइलीच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून फोटो, डेटाबेस वगैरे बाहेर काढतो, पण नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. पायथॉन भाषेत लिहिलेले तुमचे प्रोग्रॅम मग शेकडो मजकूर-फाइलींतून हुडकावे लागतात; त्याला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

फाइल पुसली, पाय बंद-चालू केला, की ती पुन्हा हजर? कार्डाने स्वतःला 'फक्त वाचा' अवस्थेत कुलूप घातले आहे. ते फेकू नका, बहुतेक सगळे निघते. कार्ड संगणकाला दिसतच नसेल तर मात्र प्रोग्रॅमचा उपयोग नाही. आणि १२८ जीबी छापलेल्या नकली कार्डात प्रत्यक्ष जागा १६ जीबीच असेल, तर त्यापुढचे कधी साठलेलेच नसते. ते कोणालाही परत आणता येणार नाही.

नवीन कार्ड घालण्याआधी वीजपुरवठा तपासा. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण दिसली, तर दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेलेला असतो. मोबाइलच्या चार्जरवर पाय चालवू नका.

येताना कार्डासोबत अडॅप्टर आणि वायरही आणा, आम्ही मोजून पाहतो. चिठ्ठीवर पायचे मॉडेल, सगळ्यात गरजेचे फोल्डर कोणते आणि आजवर कार्डावर काय-काय करून पाहिले ते लिहा. फॉरमॅट झाले असेल तर तेही लिहा. पुढचा मार्ग त्यावर ठरतो.