सुबिरा (नाव)

सुबिरा हे पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीवरील, मुख्यतः मुलींचे, स्वाहिली नाव आहे. अर्थ धीर, सबुरी. टांझानिया आणि केनियात ते विशेष आढळते. उच्चारात जोर मधल्या ‘बि’वर येतो, कारण स्वाहिलीत उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर आघात देण्याचा नियम आहे.

नावाचे मूळ अरबी ‘सब्र’. त्या धातूत आवरून धरणे, स्वतःला रोखणे हा भाव आहे. नुसते हातावर हात ठेवून बसणे नव्हे. कुराणात ‘अल्लाह धीर धरणाऱ्यांसोबत असतो’ असे वचन आहे (२:१५३), आणि रमजानला ‘सब्राचा महिना’ म्हणतात. याच अक्षरांचा ‘सबिर’ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला कडू चीक. तोही स्वाहिलीत ‘शुबिरी’ होऊन पोचला, आणि एखादी गोष्ट फार कडू असली की ती शुबिरीसारखी आहे असे तिकडे म्हणतात.

‘सब्र’चे ‘सुबिरा’ झाले ते स्वाहिलीच्या वळणामुळे. या भाषेतले शब्द स्वरान्त असतात आणि अरबी जोडाक्षरे ती बहुधा मध्ये स्वर घालून सोडवते. ‘शुक्र’चे ‘शुकुरू’ झाले तेही असेच. मुळात स्वाहिली ही बांटू या आफ्रिकी भाषाकुळातली भाषा. किल्वा, मोंबासा, लामू, झांझिबार या बंदरांतून शतकानुशतके चाललेल्या व्यापारामुळे आणि इस्लाममुळे तिच्यात अरबी शब्दांचा मोठा भरणा झाला. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये या किनाऱ्यावर आला, तेव्हा किल्वात मुस्लिम सुलतान राज्य करत होता. भाषेचे नावही अरबीच : ‘सवाहिल’ म्हणजे किनारे, आपल्या ओळखीच्या ‘साहिल’चे अनेकवचन.

मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये. फारसीमार्गे आलेली ‘सबुरी’ शिर्डीच्या साईबाबांच्या ‘श्रद्धा आणि सबुरी’तून घरोघरी गेली आहे. जुन्या मराठीत ‘सबूर!’ म्हणजे ‘थांब!’, आणि दार-एस-सलामच्या दुकानातही गिऱ्हाइकाला ‘सुबिरी किदोगो’, म्हणजे ‘जरा थांबा’, असेच सांगतात. इतर गुणवाचक नावांतही अशी भावंडे सापडतात : बराका (बरकत), रेहेमा (रहम), इमानी (इमान), नीमा (नियामत), हेकिमा (हिकमत). हिकमत मराठीत येऊन युक्ती-क्लृप्तीपुरती उरली; स्वाहिलीत ती अजून शहाणपणच आहे. आणखी एक फरक असा की आपण हे शब्द बोलण्यात ठेवले, त्यांनी लेकरांना दिले.

ही नावे केवळ मुसलमानांची राहिलेली नाहीत. नीमा, रेहेमा, बराका ख्रिस्ती घरांतही सर्रास ठेवतात, कारण स्वाहिली बायबलनेही हीच शब्दसंपत्ती वापरली. त्यातल्या याकोबाच्या पत्रात (१:३) धीरासाठी चक्क ‘साबुरी’ असा शब्द आहे. जन्मवेळची परिस्थिती नावात ठेवण्याचीही तिकडे रीत आहे. शिदा (अडचण) आणि ताबू (त्रास) ही खरोखरीची नावे आहेत. त्यांच्या शेजारी सुबिरा फारच सौम्य वाटते, आणि फार वाट पाहून झालेल्या मुलीला ते चपखल बसते.

‘सुबिरा यावुता हेरी’, धीर कल्याणाला ओढून आणतो, ही म्हण किनाऱ्यावर सर्वतोमुखी आहे. ‘हेरी’ म्हणजे अरबी ‘खैर’. मराठीत ती ‘आता तुझी खैर नाही’ अशा दटावणीत उरली आहे, तर स्वाहिलीत निरोप घेताना म्हणतात ‘क्वा हेरी’. अशा म्हणी बायकांच्या ‘कांगा’ या सुती वस्त्रावर छापलेल्या असतात. चारी बाजूंनी रुंद काठ, मध्ये नक्षी आणि खालच्या काठाच्या वर एका ओळीत ठळक अक्षरांत मजकूर. नवऱ्याला, सवतीला किंवा शेजारणीला तोंडाने न सांगता येणारे बरेच काही बाई ती ओळ नेसून सांगते. या ओळीला स्वाहिलीत ‘जिना’ म्हणतात, म्हणजे नाव.