पाय टेकला की दंड: जुन्या ट्रायल्स मोटारसायकली आणि 1965 ची रेघ

जुनी बुलेट ज्याने चालवली आहे, त्याला उजव्या पायाचा गिअर आणि त्याला लागूनच असलेली ती छोटी न्यूट्रलची दांडी आठवत असेल. टाचेने दाबली की गाडी वरच्या गिअरमधून एका फटक्यात न्यूट्रल. महाराष्ट्रातल्या गावोगावी ही गाडी दूधवाल्यांनी, फौजदारांनी, बागायतदारांनी वापरली. मागच्या चाकाला स्विंग आर्म, म्हणजे चाकासकट वर-खाली हलणारा दांडा, आणि दोन शॉकॲब्सॉर्बर ही तिची ठेवण मात्र दुकानाच्या काचेआड जन्मली नाही. फेब्रुवारी 1948 मध्ये इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एन्फिल्डने नव्या बुलेटचे तीन नमुने उतरवले आणि चिखलात, दगडांवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ही ठेवण तपासून घेतली. ट्रायल म्हणजे काय आणि जुन्या गाड्यांसाठी या खेळात आज वेगळा वर्ग का आहे, हे समजायला ही घटना ध्यानात ठेवावी लागते.

या खेळात कोण आधी पोचलं, हे कोणी पाहत नाही. ओढ्याचं पात्र, मुळांनी भरलेला उतार, ओल्या दगडांची घळ अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना खुणा लावून जेमतेम गाडी जाईल अशी वाट आखतात. तिला सेक्शन म्हणतात. सेक्शनवर एक निरीक्षक हातात कार्ड घेऊन उभा असतो. एकदाही पाय न टेकता पार झालात तर शून्य, म्हणजे ‘क्लीन’. एकदा टेकला तर 1, दोनदा टेकला तर 2, त्याहून जास्त वेळा कितीही टेकला तरी 3. पडलात, मागे सरकलात, खुणेबाहेर गेलात तर 5. दिवसअखेर ज्याच्या नावावर सगळ्यात कमी दंड तो जिंकला. स्थानिक क्लबची रविवारची ट्रायल साधारण 10 सेक्शन आणि 4 फेऱ्यांची असते. म्हणजे 40 वेळा परीक्षा, आणि सगळीकडे फसलात तर 200 दंडगुण. दंड सारखा झाला तर ज्याचे ‘क्लीन’ जास्त तो वर. तेही सारखे असतील तर सुरुवातीपासून सगळ्यात लांबपर्यंत कोण निर्दोष गेलं, ते पाहतात.

निरीक्षक कुठून आले

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारसायकल हे भरवशाचं वाहन नव्हतं. पट्टा घसरायचा, व्हॉल्व्ह जळायचा, चढ आला की उतरून ढकलावं लागायचं. म्हणून कारखाने आणि क्लब मिळून ‘रिलायबिलिटी ट्रायल’ घ्यायचे. शेकडो मैल सार्वजनिक रस्त्याने जायचं आणि गाडी टिकते का ते पाहायचं. स्कॉटलंडमधली ट्रायल 1909 मध्ये पाच दिवसांची म्हणून सुरू झाली आणि 1911 पासून सहा दिवसांची झाली. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल या नावाने ती आजही मे महिन्यात भरते आणि रोज तीसेक सेक्शन पार करावे लागतात.

गाड्या सुधारल्या तसे सगळेच स्पर्धक शेवटपर्यंत पोचू लागले. मग निकाल लावायचा कसा? आयोजकांनी चढ अधिक अवघड शोधले, डांबरी रस्ता सोडून मेंढपाळांच्या वाटा धरल्या आणि ऐन अवघड जागी माणसं उभी केली. कोण थांबला, कोणाचा पाय जमिनीला लागला, हे त्यांनी लिहून घ्यायचं. ‘ऑब्झर्व्ह्ड’ हा शब्द तिथून चिकटला.

यॉर्कशायरमधल्या शिप्ले गावात आल्फ्रेड अँगस स्कॉट यांचा टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा कारखाना होता. 1914 मध्ये त्यांनी आपल्याच कामगारांना डोंगरातून बर्न्सॉलपर्यंत गाड्या न्यायला लावल्या. त्या स्कॉट ट्रायलमध्ये सेक्शनच्या दंडाबरोबर वेळही मोजतात. सगळ्यात वेगवान स्वाराच्या मागे जितकी मिनिटं, तितके दंडगुण. पाय टेकायचा नाही आणि रेंगाळायचंही नाही, अशी ही दुहेरी कसोटी आजही तशीच आहे. माझ्या मते या खेळातली सगळ्यात प्रामाणिक स्पर्धा हीच.

दोन महायुद्धांच्या दरम्यान ट्रायलसाठी वेगळी गाडी फारशी नव्हती. रोज कामावर न्यायच्या गाडीचा सायलेन्सर वर उचलून बांधायचा, दात असलेला टायर घालायचा, मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठा करायचा आणि रविवारी निघायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांचे पगारी स्वार आले. ब्रिटिश एजेएस गाडीवर ह्यू व्हायनी यांनी 1947, 1948 आणि 1949 अशी सलग तीन वर्षं सहा दिवसांची ती ‘स्कॉटिश’ जिंकली.

त्या काळी ट्रायलच्या गाड्यांना मागे स्प्रिंग नसायची. ताठ फ्रेममुळे टायरची पकड थेट कमरेला कळते, असा जाणकारांचा ठाम समज होता. शिवाय स्प्रिंगची फ्रेम जड. कोलमोरला बुलेट उतरली तेव्हा म्हणूनच भुवया उंचावल्या. पण दगडावर आपटलेलं ताठ चाक हवेत उडतं, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली? स्विंग आर्मचं चाक दगडाचा आकार धरून वर-खाली होतं आणि जमीन सोडत नाही. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये ब्रिटनच्या संघातल्या दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदकं मिळवली. जॉनी ब्रिटन यांनी एचएनपी 331 क्रमांकाच्या बुलेटचं नाव गाजवलं, 1952 आणि 1957 मध्ये स्कॉटिश जिंकली. तरीही बाकीच्या मोठ्या कारखान्यांना ताठ फ्रेम सोडायला 1950 चं दशक निम्मं सरावं लागलं.

यानंतरचा मोहरा म्हणजे स्वार सॅमी मिलर. त्यांची गाडी एरिअल कंपनीची 497 सीसी एचटी5, क्रमांक जीओव्ही 132. मूळची गाडी 130 किलोच्या आसपास होती. मिलर यांनी एकेक भाग हलका करत तिचं वजन बरंच खाली आणलं. 1959 मध्ये रॉय पेपलो यांनी 200 सीसीच्या ट्रायम्फ टायगर कबवर स्कॉटिश जिंकून छोटी गाडीही मागे नसल्याचं दाखवलं होतं. 1961 मध्ये एजेएसवर गॉर्डन जॅक्सन यांनी सहा दिवसांत मिळून फक्त एक दंडगुण घेतला. आठवडाभर स्कॉटलंडच्या दगडांवर फिरून एकदाच पाय टेकला! मोठ्या फोर-स्ट्रोकच्या जमान्याचं हे शिखर होतं.

रेघ का ओढली गेली

1964 च्या अखेरीस मिलर बार्सिलोनाला बुल्टाकोच्या कारखान्यात गेले आणि मालक फ्रान्सिस्को बुल्टो यांच्याबरोबर काही दिवसांत 244 सीसी टू-स्ट्रोकची शेर्पा टी उभी केली. वजन 92 किलोच्या आसपास. 1965 ची स्कॉटिश त्यांनी तिच्यावर जिंकली. ब्रिटिश गाडीखेरीज दुसऱ्या कोणी ही स्पर्धा जिंकल्याची ती पहिली वेळ. मध्ये एखादा अपवाद झाला, जसा 1969 मध्ये ग्रीव्हजवर बिल विल्किन्सन यांचा. पण मग ओसा, बुल्टाको, यामाहा अशी रांगच लागली. 1975 मध्ये पहिलं अधिकृत जागतिक विजेतेपद मार्टिन लॅम्पकिन यांनी मिळवलं, तेही बुल्टाकोवरच.

40 किलो कमी वजनाच्या गाडीसमोर एरिअल, एजेएस, बुलेट, मॅचलेस एका रात्रीत शेडमध्ये गेल्या. त्या बिघडल्या नव्हत्या. आता सेक्शनच नव्या गाड्यांच्या मापाने आखले जाऊ लागले: वळणं अधिक तोकडी, पायऱ्या अधिक उंच. जुन्या गाडीला तिथे वळायलाच जागा उरली नाही. म्हणून क्लबांनी ‘प्री-65’, म्हणजे 1965 च्या आधीच्या गाड्यांचा वर्ग काढला. त्याला निव्वळ गतकाळाचा उमाळा म्हणणं मला पटत नाही. त्या गाड्या ज्या प्रश्नांसाठी बनल्या, ते प्रश्न त्यांना परत देण्याची ती सोय होती. 1984 पासून प्री-65 स्कॉटिश किनलॉखलेव्हनला भरते. तिथल्या, 2000 मध्ये बंद झालेल्या ॲल्युमिनियम कारखान्याला पाणी नेण्यासाठी टाकलेल्या नळांच्या कडेने चढणारा ‘पाइपलाइन’ नावाचा सेक्शन प्रसिद्ध आहे. सुट्ट्या दगडांची लांबच लांब चढण, मध्ये दम घ्यायला जागा नाही. नंतर मागच्या चाकाला दोन शॉकॲब्सॉर्बर, ड्रम ब्रेक आणि हवेने थंड होणारं इंजिन असलेल्या 1970 च्या दशकातल्या गाड्यांसाठी ‘ट्विनशॉक’ हा वर्गही आला.

गाडी कशी तयार करतात

टायरपासून सुरुवात करावी. पुढे 21 इंची, मागे 18 किंवा 19 इंची चाक, मागचा टायर 4.00 रुंदीचा, ट्रायल्सच्या चौकोनी ठोकळ्यांचा. हवा मागे 4 ते 6 पीएसआय, पुढे 6 ते 8. रस्त्यावर बुलेटच्या मागच्या चाकात 28-30 भरणाऱ्याला हे पंक्चर वाटेल. एवढ्या कमी हवेत टायर दगडाला मिठी मारतो. पण जोर दिला की तो रिमवर सरकतोही, आणि आतल्या ट्यूबचा वॉल्व्ह तिरका होत होत उखडतो. म्हणून रिमच्या आतून टायरची कड धरून ठेवणारे सिक्युरिटी बोल्ट लावतात, मागच्या चाकाला दोन. प्रत्येक स्पर्धेनंतर वॉल्व्ह सरळ उभा आहे का पाहावं. तिरका दिसला तर बोल्ट ढिले झालेत.

मग गिअरिंग. बुलेटचा 38 दातांचा मागचा स्प्रॉकेट ब्रेकड्रमचाच भाग आहे, तो नुसता बदलता येत नाही. त्यामुळे गिअरबॉक्सचा 16 दातांचा काढून 14 चा बसवतात. गिअरिंग सुमारे 14 टक्के ‘खाली’ येतं, म्हणजे वेग कमी, जोर जास्त. काम वेळखाऊ आहे, कारण तो स्प्रॉकेट क्लचच्या मागे असतो. आधी डावं कव्हर, मग क्लच उतरवावा लागतो. लहान स्प्रॉकेटवर चेन घट्ट वळते आणि लवकर झिजते, हेही धरून चालावं.

इंजिनाची ताकद इथे कामाची नाही. जड फ्लायव्हील (इंजिनातलं वजनदार फिरतं चाक) आणि कमी कॉम्प्रेशन हवं, म्हणजे मंद ठोक्यांवर, ॲक्सिलरेटर जवळजवळ बंद असतानाही गाडी दगडावर चढते. बुलेटचा 70 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोक याला मुळातच पोषक. सेक्शनमध्ये शिरल्यावर काय होतं ते पाहा: पहिला गिअर, स्वार पायपट्ट्यांवर उभा, गुडघे किंचित वाकलेले. पुढचं चाक दगडाला टेकण्याच्या क्षणभर आधी ॲक्सिलरेटरची एक बारीक चुटकी, चाक वर आलं की लगेच बंद. मग मागचं चाक फक्त फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या जोरावर वर येतं. इथे कारभुरेटर हमखास दगा देतो. पायलट जेट (मंद चालीला पेट्रोल देणारं बारीक भोक) अर्धवट चोंदलेला असला की चुटकी दिल्यावर इंजिन शिंकतं आणि तिथेच बंद पडतं. म्हणजे थेट 5.

क्लच धरून-सोडून गाडी तोलण्याची आजची सवय जुन्या गाडीला मानवत नाही. प्लेटा तापून फुगतात, क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल सापडेनासं होतं. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या जुन्या मॅग्नेटोचं दुखणं वेगळं: थंड गाडी पहिल्या किकला सुरू, तिसऱ्या फेरीला तापल्यावर सुरूच होत नाही. बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो किंवा आतल्या वाइंडिंगचं इन्सुलेशन उष्णतेने दम तोडतं. अशा वेळी प्लग बदलत बसण्यात दिवस जातो. मॅग्नेटो उतरवून वाइंडिंगवाल्याकडे न्यावा, हेच खरं.

इंजिनखाली जाड पत्रा, हँडल दोन्ही बाजूंना पुरेसं वळेल इतकी अरुंद टाकी, पायपट्ट्या थोड्या मागे आणि वर. बाकी जितकं काढता येईल तितकं काढायचं.

खरी जुनी कोणती

आज वाद आहे तो याच टप्प्यावर. वर्गाचं नाव प्री-65, पण अनेक गाड्यांत नवी हलकी फ्रेम, टायटॅनियमचे बोल्ट, बदललेल्या कोनाचा पुढचा भाग आणि मॅग्नेटोच्या जुन्या खोक्यात दडवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं. इग्निशनला माझी हरकत नाही. साठ-सत्तर वर्षांच्या मॅग्नेटोवर कोणाचा रविवार वाया जाऊ नये. फ्रेमचा कोन बदलला की मात्र वळण्याचा प्रश्नच बदलतो, आणि ज्या प्रश्नासाठी वर्ग काढला तोच नाहीसा होतो.

बुलेटच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, आणि त्याचं मूळ भारतात आहे. 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि इंग्लंडमधलं उत्पादन थांबल्यानंतरही तेच 70 x 90 चं इंजिन इथे बनत राहिलं. 1977 पासून या गाड्या ब्रिटनला निर्यातही झाल्या. त्यामुळे तिकडच्या शेडमध्ये 1950 च्या दशकातल्या ट्रायल्स बुलेटची दुरुस्ती करणाऱ्याला पिस्टन, गिअरबॉक्सचे भाग, क्लचच्या प्लेटा मद्रासच्या मिळतात आणि थोड्याफार घासकामाने बसतातही. 1990 मध्ये मद्रासला ओतलेलं क्रँककेस 1955 च्या फ्रेममध्ये बसवलं तर ती गाडी प्री-65 धरायची की नाही? आकार तोच, माप तेच, तारीख मात्र रेघेच्या अलीकडची. म्हणून प्रवेशअर्ज भरण्याआधीच गाडीचे फोटो आणि इंजिनाचा क्रमांक त्या-त्या क्लबच्या तपासनिसाला पाठवून लेखी होकार घ्यावा.