शोकाची ओढ आणि आघाताची धास्ती

जवळचं माणूस गेलं की दुःख पाच टप्प्यांतून जातं, असं आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले, ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. पुढे ते मागे राहिलेल्यांनाही लावले गेले आणि ‘मला अजून राग कसा आला नाही?’ ही एक नवीच काळजी लोकांच्या मागे लागली.

शोकाला असा क्रम नसतो. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र मला अनुभवाच्या जास्त जवळचं वाटतं. मन हेलकावे खातं. कधी ते गेलेल्या माणसात बुडतं, कधी कागदपत्रं, हिशेब, मुलांचा अभ्यास यांत रमतं. सकाळी ढसाढसा रडलेली बाई दुपारी खळखळून हसली, तर तिचं दुःख खोटं ठरत नाही. या येरझाऱ्यांतूनच ती सावरत असते. बहुतेकांचा शोक कुठल्याही उपचाराविना हळूहळू सौम्य होतो, ओढ मात्र राहते. तिला आजार म्हणायचं कारण नाही.

आघाताचं तसं नाही. अपघात, हल्ला, अत्याचार, युद्ध अशा प्रसंगांनंतर काहींना आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, होतो. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत त्याला अधिकृत जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातली सुमारे ७० टक्के माणसं आयुष्यात कधीतरी अशा प्रसंगाला सामोरी जातात, पण विकार जडतो तो त्यांतल्या ५.६ टक्क्यांना. म्हणजे हादरणं स्वाभाविक आहे, अडकून पडणं त्या मानाने विरळ.

अडकतं कसं? मेंदूतला हिप्पोकॅम्पस आठवणीला स्थळ-काळ जोडतो, तर अमिग्डाला धोक्याची खूण पक्की करतो. पराकोटीच्या भीतीत दुसरं काम जोरात होतं आणि पहिलं अर्धवट राहतं, असं एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. मग करकचून लागलेला ब्रेक किंवा जळका वास पुरेसा होतो. छाती धडधडते, घाम फुटतो आणि तो प्रसंग आठवण्याऐवजी पुन्हा घडू लागतो. माणूस ती वाट, ते आवाज, तो विषयच टाळतो. टाळल्यावर क्षणभर बरं वाटतं, आणि खरी गोम इथेच आहे. त्या सुटकेमुळे ‘टाळलं म्हणून वाचलो’ हा धडा मेंदू घट्ट करतो. ‘विसरून जा, विषय काढू नकोस’ हा घरच्यांचा मायेचा सल्ला नेमका याच धड्याला खतपाणी घालतो.

मृत्यू अचानक किंवा हिंसक असेल तर दोन्ही दुखणी एकत्र येतात. माणसाची ओढ वाटते, पण आठवण काढायला जावं तर डोळ्यांसमोर उभा राहतो तो शेवटचा प्रसंग. फोटोसुद्धा बघवत नाही. अशा वेळी थेरपिस्ट अनेकदा आधी त्या भयंकर दृश्यावर काम करतात, म्हणजे त्यामागे दबलेल्या बाकीच्या आठवणी मोकळ्या होतात.

मदत कधी घ्यावी? आघातानंतरची लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि झोप, काम, नाती बिघडू लागली, तर वाट पाहू नये. शोकाला जास्त मुदत असते. तीव्र तळमळ आणि ठप्प झालेलं आयुष्य जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार किमान सहा महिने, तर अमेरिकी निकषांनुसार प्रौढांमध्ये किमान वर्षभर टिकलं, तर त्याला प्रदीर्घ शोक विकार म्हणतात. ही मुदत निदानासाठी आहे. भार पेलवत नसेल तर त्याआधी जायला हरकत नाही.

घटना घडल्या घडल्या मात्र कुणाला तपशील सांगायला भाग पाडू नये. अशा एका बैठकीने विकार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा सुरक्षितता, जेवण, झोप आणि शेजारी बसणारं कुणीतरी पुरेसं असतं.

पीटीएसडीवर आघातकेंद्री वर्तन-बोध उपचार (आघाताबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत करत ती आठवण हाताळण्याची थेरपी) यांचा पुरावा भक्कम आहे. सुरक्षित जागी, झेपेल त्या गतीने त्या आठवणीला सामोरं जाता जाता मेंदू नवं काहीतरी शिकतो. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर लगाम बसतो. सर्ट्रालीनसारख्या नैराश्यावरच्या औषधांचाही काहींना उपयोग होतो. बेन्झोडायझेपीन गटातल्या शामक गोळ्यांनी मात्र पीटीएसडी बरा होत नाही आणि सवय जडण्याचा धोका असतो. प्रदीर्घ शोकासाठी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी वेगळी उपचारपद्धती घडवली. त्यांच्या २०१६ च्या चाचणीत नैराश्यावरच्या गोळीने शोकाची तीव्रता विशेष उतरली नाही, त्या थेरपीने उतरली.

औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात, थेरपी बहुधा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक करतात. ‘आघातावर किंवा शोकावर तुम्ही कोणती पद्धत वापरता?’ हे पहिल्याच भेटीत बेलाशक विचारावं आणि उत्तर गोलमोल वाटलं तर दुसरं दार ठोठवावं. मरणाचे विचार येत असतील तर मात्र निवड करत बसू नये. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून, त्याला सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठावं.