बापाचं टेस्टोस्टेरॉन, बापाची झोप

यवतमाळकडे जाताना रस्त्याकडेच्या भिंतींवर एक जाहिरात वर्षानुवर्षं दिसते. मर्दानी कमजोरी, थकवा, चिडचिड, भेटा अमक्या लॉजवर, दर मंगळवारी. तीच जाहिरात आता मोबाइलवर आली आहे. परवा गावच्या ग्रुपवर एक रील फिरत आलं. त्यात गॉगल घातलेला एक धिप्पाड गडी सांगत होता की मूल झालं की पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे रक्तातलं पुरुषी संप्रेरक, पडतं, म्हणून बाप मंडळी मरगळतात, आणि उपाय काय, तर त्याच्या डब्यातली पावडर. चीड आली. पण त्याचं पहिलं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहायला बसलो. बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन खरंच उतरतं. त्यापुढचं सगळं त्याने उलटं सांगितलं.

फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ली गेटलर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेस्टोस्टेरॉन मोजायला ६२४ तरुणांची लाळ तपासली. पहिल्यांदा २००५ साली, पोरं साडेएकवीसच्या आसपास असताना, आणि पुन्हा साडेचार वर्षांनी. मधल्या काळात जे संसाराला लागले आणि बाप झाले, त्यांचं सकाळचं टेस्टोस्टेरॉन सुमारे २६ टक्क्यांनी आणि संध्याकाळचं ३४ टक्क्यांनी उतरलं होतं. सड्या पोरांचंही वयाबरोबर थोडं उतरलं, पण याच्या निम्म्यानेही नाही. कुणी म्हणेल, मुळात कमी असणारेच लवकर संसारात पडत असतील. तर उलट निघालं. ज्यांचं आधी जास्त होतं, तेच बाप होण्याचं प्रमाण जास्त. आणि रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ लेकराचं करणाऱ्या बापांचं टेस्टोस्टेरॉन, लेकराचं काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी. २०११ मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांत ‘बापपणामुळे मर्दानगी जाते’ छापाचे मथळे झळकले. तिकडेही रीलवाले कमी नाहीत.

टांझानियातला एक अभ्यास मला याहून आवडतो. तिथे हडझा आणि डटोगा असे दोन समाज शेजारी शेजारी राहतात. हडझा शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगतात, आणि त्यांच्यातले बाप लेकरं अंगाखांद्यावर खेळवतात. डटोगा गुरं पाळतात, त्यांच्यात तान्ह्या लेकराजवळ बाप फारसा फिरकत नाही. २००९ च्या या अभ्यासात हडझा बापांचं टेस्टोस्टेरॉन त्यांच्यातल्या मूल नसलेल्या पुरुषांपेक्षा कमी भरलं. डटोगांमध्ये असा फरकच नव्हता. म्हणजे नुसतं बाप होऊन भागत नाही, लेकरू हातात घ्यावं लागतं.

आता हे होतं कसं? हा भाग थोडा अवघड आहे, पण मला तो फार प्रिय आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. तो जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते शेजारच्या पीयूषिका ग्रंथीला मिळालं की ती रक्तात एलएच नावाचं दुसरं संप्रेरक सोडते. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींपर्यंत जातं आणि त्या पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात. खरी मजा पहिल्या पायरीत आहे. जीएनआरएच सतत झिरपत नाही, दीड-दोन तासांनी एकेक झटका येतो. कपाशीला आपण पाण्याची पाळी देतो तसं. पाणी दिलं, थांबलं, जमीन वाफशावर आली की पुढची पाळी. तेच पाणी रात्रंदिवस साचू दिलं तर मुळं कुजतात. जीएनआरएच सतत मिळत राहिलं तर पीयूषिकेच्या पेशी त्याला दाद देणं बंद करतात, एलएच थांबतं आणि टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. प्रोस्टेटच्या कर्करोगावर वापरली जाणारी काही औषधं नेमकी याच युक्तीवर चालतात. तेव्हा किती सोडलं एवढंच महत्त्वाचं नाही, किती वेळाने सोडलं हेही तितकंच महत्त्वाचं.

या झटक्यांवर लगाम कोणाचा? एक लगाम खुद्द टेस्टोस्टेरॉनचा. त्याचा काही भाग अ‍ॅरोमॅटेज नावाच्या विकरामुळे इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, आणि ही दोन्ही रसायनं हायपोथॅलॅमसमधल्या किसपेप्टिन पेशींमार्फत ‘पुरे झालं’ असा निरोप पोचवतात. दुसरा लगाम कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या वेळी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून सुटणाऱ्या संप्रेरकाचा. ताण लांबला की कॉर्टिसॉल जीएनआरएचचे झटके दाबून धरतं. तिसरी गोष्ट झोप. टेस्टोस्टेरॉन झोप लागल्यावर चढायला लागतं आणि पहाटे-सकाळी सर्वात जास्त असतं, म्हणूनच त्याची रक्ततपासणी सकाळी करतात. २०११ मध्येच दहा धडधाकट तरुणांना प्रयोगशाळेत आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. एका आठवड्यात!

जाता जाता पावडरवाल्याचा हिशेब. बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो झटके थांबवतो, एलएच पडतं, वृषणं आकसतात आणि शुक्राणू घटतात. ज्याला दुसरं मूल हवं आहे त्याने डॉक्टरने तपासून दिल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. डब्यातल्या पावडरीत काय असतं हे त्या डब्यालाच ठाऊक.

लेकराचं करणाऱ्या बापाचं टेस्टोस्टेरॉन उतरणं हा आजार नव्हे. तो शरीराने बदललेला पवित्रा आहे, चढाओढीकडून सांभाळण्याकडे. अमेरिकेत डार्बी सॅक्सबी यांच्या गटाने २०१७ साली बाळ नऊ महिन्यांचं असतानाचं बापाचं टेस्टोस्टेरॉन पाहिलं. ज्यांचं जास्त होतं त्यांच्याकडून जोडीदाराशी रागाचं, आक्रमक वागणं अधिक होत होतं. ज्यांचं कमी होतं त्यांच्या बायकांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी होती. इथवर छान. पण त्याच कमी टेस्टोस्टेरॉनच्या बापांमध्ये स्वतःच्या नैराश्याची लक्षणं मात्र जास्त. हा आढळलेला संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हे इथे नीट लक्षात घ्या. माझं मत विचाराल तर घट एकटी असेल तर बाप निभावून नेतो. त्यावर तुटकी झोप आणि लांबलेला ताण येऊन बसला की अवघड होतं.

आणि झोप म्हटली की आपल्याकडचा बाप आठवावा. जानेवारीत हरभऱ्याचं ओलीत चालू असतं. शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाइन पाळीने रात्रीची येते. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, पायात गमबूट घालून गडी रात्री अकराला वावरात जातो. मोटर चालू करायची, नळ्या सरकवायच्या, मध्येच लाइन गेली की धुऱ्यावर बसून राहायचं. ओलीत नसेल तेव्हा रोही आणि रानडुकरांमुळे जागली, म्हणजे रात्रभर पिकाची राखण. पहाटे घरी येऊन पाठ टेकावी तर लेकरू जागं झालेलं. झोप एवढी मोडली की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती-संतापाची घंटा वाजवणारा भाग, भलताच हुळहुळा होतो. सलग सुमारे ३५ तास जागवलेल्या तरुणांत त्रासदायक चित्रं पाहताना त्याचा प्रतिसाद ६० टक्क्यांहून जास्त वाढलेला २००७ मध्ये नोंदवला गेला, आणि त्याला आवरणाऱ्या कपाळामागच्या मेंदूशी त्याचा संपर्क सैल पडलेला दिसला. दुधाचं पातेलं सांडलं म्हणून अंगावर धावून जाणारा माणूस स्वभावानेच तापट असतो असं नाही.

२०१० साली पॉलसन आणि बेझमोर या संशोधकांनी ४३ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. गरोदरपणापासून मूल वर्षाचं होईपर्यंतच्या काळात साधारण १० टक्के बापांमध्ये नैराश्य आढळतं, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात हा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास जातो. हा दुसरा आकडा थोड्या अभ्यासांवर उभा आहे, आणि बहुतेक माहिती बाहेरच्या देशांतली, तेव्हा तो जसाच्या तसा दारव्हा-घाटंजीला चिकटवू नका. पण तिसरा महिना डोक्यात ठेवा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना होतो, कधी तीन महिने होतात, मग लेकीला लेकरासकट पोचवतात. तोवर बाप पाहुण्यासारखा जाऊन येतो, दहा मिनिटं मांडीवर घेतो आणि शेवटच्या एसटीने परत. हडझा-डटोगाचा धडा इथे लावला तर लेकरू हातात घ्यायची त्याची खरी सुरुवात बाळ-बाळंतीण घरी आल्यावर होते. त्याच सुमारास रात्रीची रडारड सुरू, दवाखान्याचं बिल उरावर आणि बायकोही थकलेली. आई-बाप दोघांचं नैराश्य बऱ्याचदा हातात हात घालून येतं, हेही त्याच हिशेबात दिसलं.

असा बाप ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत नाही. ‘टेन्शन हाय’ म्हणतो, ‘डोकं जड झालं’, फार तर ‘मले गमतच नाही भाऊ’. रडत तर नाहीच. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून एडिनबरा प्रश्नावली वापरतात, दहा प्रश्नांची. त्यात रडण्याबद्दल प्रश्न आहे. पुरुष तिथे शून्य गुण मिळवून मोकळे होतात. म्हणून पुरुषांसाठी धोक्याची रेषा दोन गुण खाली धरावी असं अभ्यासकांनी सुचवलं आहे. पुरुषात दिसते ती चिडचिड, पानठेल्यावर उशिरापर्यंत नुसतं बसून राहणं, वाढलेली दारू. दारू झोप आणते असं वाटतं खरं, पण मध्यरात्रीनंतरची झोप ती मोडून टाकते, आणि लायडिग पेशींनाही मारक ठरते.

घरातले मग काय म्हणतात? ‘लेकीचा पायगुण.’ किंवा बाहेरची बाधा, आणि मग अमुक ठिकाणच्या महाराजांकडे लिंबू-नारळ घेऊन वारी. तीन महिन्यांच्या पोरीच्या पायांत बापाचं कॉर्टिसॉल वाढवण्याची शक्ती नसते, बाप्पा! जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्याआधीही हे खोटंच होतं.

दोन आठवडे मन लागत नसेल, लेकराला घ्यावंसंच वाटत नसेल, तर १४४१६ वर फोन करावा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, लगेच लावा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो, सेवाग्रामच्या रुग्णालयातही मिळतो. तिथल्या गोळ्या म्हणजे ‘झोपेच्या गोळ्या’ असा सरसकट समज आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची चटक लागत नाही. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि त्या मनाने बंद करायच्या नाहीत. सौम्य नैराश्यात तर नुसत्या बोलण्यानेही भागतं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला, त्यात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी लोकांशी बोलण्याचं काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. घरच्या घरीही एक करता येतं. जागलीची जशी शेजाऱ्यांत पाळी लागते, तशी लेकराची रात्र आजी, आई आणि बाप यांच्यात लावायची. सलग पाच-सहा तासांची झोप आई-बाप दोघांच्याही वाट्याला यावी एवढाच हिशेब.

बाळंतिणीच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा येते. ही घरी येऊन बाळ तपासण्याची पद्धत गडचिरोलीत जन्मली आणि पुढे देशाने उचलली. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही भेटी ठरलेल्या आहेत. तिसरा आणि सहावा महिना, म्हणजे वर सांगितलेली नेमकी खिडकी. वजन, लसी, वरचं खाणं सगळं विचारून होतं. ‘झोप होते का भाऊ, मन लागतं का?’ एवढं बापाला विचारायला दोन मिनिटं पुरतील. अडचण एवढीच की सकाळी अकराला आशाताई येते तेव्हा भाऊ वावरात असतो. भेट संध्याकाळी ठेवावी लागेल, आणि या वाढीव भेटीचे आशाताईला मिळतात ५० रुपये. प्रश्न वाढवायचे असतील तर आधी ते ५० वाढवा.