अंतराळातलं पहिलं ट्वीट नेमकं कुणाचं?

प्रश्नमंजूषेत याचं उत्तर ठरलेलं असतं: माइक मॅसिमिनो, मे २००९. अर्धंच खरं. हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी 'अटलांटिस' यानातून गेलेल्या मॅसिमिनो यांनी मजकूर वरच लिहिला. पण तो ईमेलने खाली यायचा आणि ह्यूस्टनमधली नासाची माणसं तो मॅसिमिनो यांच्या ट्विटर खात्यावर टाकायची. म्हणजे पोस्टमन जमिनीवरच!

कुणाच्याही मदतीशिवाय पहिलं ट्वीट केलं ते अंतराळवीर टी. जे. क्रीमर यांनी, २२ जानेवारी २०१० रोजी, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून. त्यातही गंमत आहेच. स्थानकावरच्या लॅपटॉपवरून ते पृथ्वीवरचा एक संगणक दुरून चालवत होते आणि वेबसाइट उघडत होती ती त्या खालच्या संगणकावर. तरी बटण त्यांनी स्वतः दाबलं, त्यामुळे मान क्रीमर यांचाच, असं माझं मत.