नेटवेअर

नेटवेअर : वैयक्तिक संगणक एकमेकांना जोडून फायली व प्रिंटर सामाईक वापरता यावेत, यासाठी सर्व्हरवर चालवली जाणारी ऑपरेटिंग सिस्टिम. अमेरिकेतील युटा राज्यातल्या नॉव्हेल कंपनीने ती १९८३ मध्ये आणली. ड्र्यू मेजर व त्यांच्या ‘सुपरसेट’ गटातील सहकाऱ्यांनी ती लिहिली, तर रे नूर्डा यांनी कंपनीची धुरा सांभाळत तिचा प्रसार केला.

त्यापूर्वी अनेक ठिकाणी एकच डिस्क तुकडे पाडून वाटली जाई. नेटवेअरने डिस्कऐवजी फाईल वाटली. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतला चादरी-टॉवेलांचा एखादा कारखाना नजरेसमोर आणला, तर या फरकाचे मोल कळते. सूतखरेदी नोंदवणारा, शिल्लक माल पाहणारा आणि बिल काढणारा, असे तिघे कारकून एकाच डेटा फाईलवर एकाच वेळी बसू शकत आणि एकाने उघडलेली नोंद दुसऱ्याच्या हातून बिघडू नये म्हणून तेवढ्यापुरती लॉक होई. नेटवर्क कार्डावर बूट रॉम, म्हणजे संगणक नेटवर्कवरून सुरू करून देणारी चिप, बसवली, की त्यांच्या संगणकांत डिस्क नसली तरी भागे.

नेटवेअरचा वेग विलक्षण होता. डिस्कवर कोणती फाईल कुठे आहे याचा तक्ता ती मेमरीत ठेवी आणि आलेल्या मागण्या, लिफ्ट वाटेतले मजले घेत जाते तशा, डिस्कवर फिरून मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडच्या वाटेप्रमाणे लावून घेई. लिहायचा मजकूरही काही क्षण मेमरीतच थांबे. म्हणून सर्व्हरचे बटण थेट बंद न करता आधी ‘डाउन’ ही आज्ञा द्यावी लागे. भारनियमनाच्या काळात सर्व्हरला यूपीएस का हवा, याचे उत्तर याच रचनेत आहे.

१९८९ च्या नेटवेअर ३८६ पासून एनएलएम ही जोड-मोड्यूले आली. ती सर्व एकाच असंरक्षित मेमरीत चालत असल्याने वेग राखला जाई, पण एखादे मोड्यूल बिघडले तर सगळा सर्व्हर ‘ॲबेंड’ होऊन, म्हणजे अचानक कोसळून, थांबे. फायली पुरवण्यापुरते हे चालून गेले. सर्व्हरवरच डेटाबेस व इतर प्रोग्राम चालवण्याची गरज वाढली, तेव्हा मात्र १९९३ मध्ये आलेली मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ही ऑपरेटिंग सिस्टिम सोयीची ठरली. इंटरनेटने टीसीपी/आयपी हे संगणकांमधील संपर्काचे नियम सर्वत्र नेले असतानाही नेटवेअरचा मुख्य आधार नॉव्हेलचे स्वतःचे नियम, म्हणजे आयपीएक्सच राहिला; तो बदल १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत झाला, आणि हा उशीर फार महागात पडला.

तरीही नेटवेअर गुणवत्तेत सर्वस्वी हरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. संस्थेतील सर्व वापरकर्ते व साधने एका वृक्षात मांडणारी तिची डिरेक्टरी १९९३ मध्येच आली होती. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० सोबत मिळाली. दरम्यान नॉव्हेलने १९९४ मध्ये घेतलेली वर्डपर्फेक्ट ही लेखन-सॉफ्टवेअरची कंपनी १९९६ मध्ये कोरेल या कंपनीला विकली, पण त्या दोन वर्षांत कंपनीचे पैसे व लक्ष मूळ कामावरून ढळले होते.

नॉव्हेलने पुढे सुसे लिनक्स ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम पुरवणारी कंपनी विकत घेतली. नॉव्हेलच्याच २००५ च्या ओपन एंटरप्राइझ सर्व्हर या उत्पादनात नेटवेअर आणि लिनक्स असे दोन्ही गाभे (कर्नल) निवडीसाठी होते; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत नेटवेअर लिनक्सच्या आत, आभासी यंत्र म्हणून चालवण्याची सोय आली.